गिनीपिगच्या खाद्यात मसाला: एक पार्श्वभूमी

कोकणात गाय व्याली की तिच्या आंबोणात मेथी, गूळ, सुंठ आणि बाळंतशेपा पडतो. गुराचं पोट फुगलं तर आधी ओवा-हिंग, मग डॉक्टर. जनावराच्या खाण्यात मसाला घालणं आपल्याकडे जुनंच आहे. आता कारखान्यात तयार होणाऱ्या पशुखाद्यातही ओवा, लवंग, दालचिनीचे अर्क मिसळतात, आणि हा विचार गिनीपिगपर्यंत पोचला आहे. मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत हौसेने हा प्राणी पाळणारी घरं आहेत. 'गाईला चालतं, मग याला का नाही?' असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं, तर उत्तर या प्राण्याच्या इतिहासात सापडतं.

गिनीपिग आणि मिरची यांचं माहेर एकच, दक्षिण अमेरिका. अँडीजच्या डोंगरातले लोक हजारो वर्षं हा प्राणी मांसासाठी पाळत आले. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरमध्ये आजही पाळतात. तिथे तो चुलीपाशी फिरत, हिरवा चारा आणि भाजीची सालं खाऊन वाढतो. सोळाव्या शतकात तो युरोपला गेला, आणि त्याच शतकात पोर्तुगीजांमुळे मिरची गोव्याच्या किनाऱ्याला लागली. मिरची आपल्या पाट्यावर आली, गिनीपिग पुढे प्रयोगशाळेत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगच्या मुंबईत संशोधकांनी रोगट घरांमध्ये गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजल्या. प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हे पक्कं होण्यात या मुक्या जिवांचा वाटा फार मोठा आहे.

त्याच्या आहाराचं शास्त्र सुरू झालं ते १९०७ साली. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला. माणसासारखंच याचंही शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. १९३२ मध्ये हंगेरीतल्या सेगेड शहरात सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने हे जीवनसत्त्व ओळखलं, तेही गिनीपिगवरच्या प्रयोगातून. प्रयोगांसाठी ते मुबलक हवं होतं, आणि मिळालं तिथल्या ताज्या लाल मिरचीत. मिरची वाळवून दळली की त्यातलं हे जीवनसत्त्व बरंचसं जातं, म्हणून गिनीपिगला ढोबळी मिरचीची फोड उपयोगी पडते, तिखट नाही.

पण मसाल्याचा प्रश्न खरा उभा राहतो तो प्रतिजैविकांमुळे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी या संशोधकाच्या गटाने पेनिसिलिन उंदरांवर तपासलं आणि ते वाचले. काही वर्षांतच दिसलं की हेच औषध गिनीपिगना मारतं. त्याच्या मोठ्या आतड्याच्या पिशवीत जिवाणू चारा आंबवतात. पेनिसिलिनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक क्लोस्ट्रिडियम माजतात, आणि प्राणी काही दिवसांत जुलाबाने दगावतो. फ्लोरींनी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिन कदाचित तिथेच थांबलं असतं.

इकडे १९५० च्या सुमारास कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात थोडं थोडं प्रतिजैविक मिसळलं की वजन लवकर भरतं हे कळलं, आणि ती रीत जगभर पसरली. जिवाणू औषधांना दाद देईनासे झाले तशी ती मागे घ्यावी लागली. स्वीडनने १९८६ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून, आणि भारताने २०१९ मध्ये निदान कोलिस्टिन तरी पशुखाद्यातून हटवलं. रिकाम्या जागी मसाले आले. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड जिवाणूंना आवर घालतात; मिरी, आलं, मिरची पाचकरस वाढवतात. पेरूमध्ये गिनीपिगच्या कळपांत साल्मोनेला या रोगजनक जिवाणूची साथ ही जुनी डोकेदुखी, म्हणून तिथे ओरेगॅनोच्या तेलावर विशेष भर दिसतो. त्यातही ओव्यातलंच थायमॉल असतं.

मला इथे सावध राहावंसं वाटतं. जो पदार्थ जिवाणू मारतो तो आतड्यातले चांगले जिवाणूही मारू शकतो, आणि पेनिसिलिनने या प्राण्याचं काय केलं ते आपण पाहिलं. गिनीपिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं जास्तीचं बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. प्रयोगात मोजून दिलेला अर्क आणि डब्यातून चिमटीने टाकलेली पूड यांत फार अंतर आहे. लवंगेचं तेल तर घरी वापरूच नये. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त झालं तर विषारी ठरतं, तेव्हा तेही दूरच बरं.

कोकणाकडे मसाल्याची कमतरता नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ, लवंग लावायची लाखीबाग रुजवली, त्यामुळे कच्चा माल दारातच आहे. अडचण हवेची आहे. पावसाळ्याच्या दमटपणात गोळीखाद्यातलं क जीवनसत्त्व लवकर उतरतं आणि बुरशी धरते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन या प्राण्याचं यकृत पोखरतं, आणि शेंगदाण्याची पेंड त्यासाठी बदनामच आहे. मसाल्याची पूडही यातून सुटत नाही. नीट न वाळलेल्या मिरचीत आणि जायफळात हेच विष सापडतं. म्हणून जून ते सप्टेंबर खाद्य थोडं थोडंच आणावं, हवाबंद डब्यात ठेवावं, वास बदलला तर टाकून द्यावं, आणि रोजचं पोट सुक्या गवतावर व ताज्या पाल्यावर भरावं.