खोटं, थाप आणि दिशाभूल

उद्या पाऊस पडणार नाही, असं हवामानतज्ज्ञांनी सांगितलं आणि पाऊस पडला. अंदाज खोटा ठरला, असं आपण सहज म्हणतो. हवामानतज्ज्ञ खोटं बोलले, असं मात्र कोणी म्हणत नाही. आता याच्या उलट प्रसंग घ्या. लपलेल्या मित्राला वाचवण्यासाठी एकाने पाठलाग करणाऱ्यांना मुद्दाम भलतीच दिशा दाखवली. ‘तो नदीकडे गेला,’ असं सांगितलं. पण मधल्या वेळात मित्र जागा सोडून खरोखरच नदीकडे निघून गेला होता. वाक्य खरं निघालं, तरी हा माणूस खोटं बोलला असंच बहुतेकांना वाटतं.

विधान खोटं आहे की नाही, हे वस्तुस्थितीशी ताडून ठरवता येतं. कोणी खोटं बोललं की नाही, हे ठरवायला मात्र बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहावं लागतं. लिंडा कोलमन आणि पॉल के या भाषाशास्त्रज्ञांनी १९८१ साली हेच तपासलं. त्यांनी आठ छोट्या गोष्टी रचल्या. खोटेपणाचे तीन घटक त्यांनी धरले होते: विधान प्रत्यक्षात चुकीचं असणं, बोलणाऱ्याला ते चुकीचं वाटत असणं आणि समोरच्याला फसवण्याचा हेतू असणं. प्रत्येक गोष्टीत यांतला कुठला घटक आहे आणि कुठला नाही, याची जुळणी वेगळी होती. मग ६७ लोकांना विचारलं, की यातलं पात्र खोटं बोललं का, आणि किती खात्रीने तुम्ही तसं म्हणाल? तिन्ही घटक असले की खात्री सर्वाधिक, एकही नसला की सर्वांत कमी, हे अपेक्षितच होतं. लक्षात घेण्यासारखा होता तो घटकांचा क्रम. सर्वांत जास्त वजन पडलं ते बोलणाऱ्याच्या समजुतीला, त्यानंतर हेतूला. विधान प्रत्यक्षात चुकीचं असणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. वादात आपण ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं म्हणून टाकतो, तेव्हा हातात पुरावा असतो तो फक्त विधान चुकीचं असल्याचा. आरोप मात्र समोरच्याच्या मनावर होतो. तो दुखावतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

मराठीत या छटांसाठी शब्दांची वाण नाही. थाप मारणाऱ्याला आपण थाप मारतोय हे पक्कं ठाऊक असतं. अफवा पसरवणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. कंडी पिकवली जाते, तेव्हा कोणीतरी ती मुद्दाम पिकवलेली असते. तिखटमीठ लावणाऱ्याकडे मुळात काहीतरी खरं असतं. कांगावा करणाऱ्याची चूक असते आणि ओरडाही त्याचाच असतो. आणि एक अतिशय नेमका शब्दप्रयोग आपल्याकडे आहे: ‘ठोकून देणं’. ठोकून देणाऱ्याला आपलं म्हणणं खरं आहे की खोटं, याच्याशी कर्तव्यच नसतं. अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ सालच्या एका निबंधात याच वृत्तीची चिकित्सा केली. खोटं बोलणारा सत्याची दखल तरी घेतो, कारण त्याला ते लपवायचं असतं. ठोकून देणाऱ्याला त्याची पर्वाच नसते. म्हणून तो सत्याचा अधिक मोठा शत्रू, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. खोटं बोलणाऱ्याला निदान विसंगतीत पकडता येतं. ठोकून देणारा काल काय बोललो हेही मनावर घेत नाही.

खरी अडचण येते ती शब्दन् शब्द खरा असतो तेव्हा. सॅम्युएल ब्रॉन्स्टन हे अमेरिकेतले चित्रपटनिर्माते. त्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि शपथेवर त्यांची चौकशी झाली. स्विस बँकेत तुमचं खातं आहे का, या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. ते खरं होतं. पूर्वी कधी होतं का? ‘झुरिकमध्ये सुमारे सहा महिने कंपनीचं खातं होतं.’ हेही खरं. पण जिनिव्हात त्यांचं स्वतःचं खातं जवळजवळ पाच वर्षं होतं, आणि त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. खोट्या साक्षीबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आलं. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. उत्तर दिशाभूल करणारं असलं तरी शब्दशः खरं होतं, आणि नेमका प्रश्न पुन्हा विचारणं हे वकिलाचं काम होतं, असं न्यायालयाने म्हटलं.

मग वकील फसला कशामुळे? याचं उत्तर तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी दिलं आहे. बोलताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: समोरचा विचारलं त्याला धरून आणि पुरेसं सांगतो आहे. ‘कंपनीचं खातं होतं’ हे ऐकताच ‘म्हणजे स्वतःचं नव्हतं’ हे उरलेलं वाक्य ऐकणारा स्वतःच पूर्ण करतो. खोटा भाग बोलणाऱ्याच्या तोंडून निघतच नाही, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. महाभारतातलं ‘नरो वा कुंजरो वा’ हे याच जातीचं. आज आपण तो वाक्प्रचार गुळमुळीत भूमिकेसाठी वापरतो. त्या प्रसंगात मात्र गुळमुळीत काही नव्हतं. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं, या हेतूनेच ते वाक्य उच्चारलं गेलं होतं.

आणि हेतू नसतानाही हे घडू शकतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. तो बातम्यांतून देशभर पोहोचला. असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. ‘दुप्पट’ हा शब्द खरा होता. पण प्रत्यक्षात धोका ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता, आणि गुठळ्यांचा धोका गर्भारपणात त्याहून जास्त असतो. इथे थाप नाही, अफवा नाही. तरीही हजारो स्त्रियांनी त्याची किंमत मोजली. ‘कितीच्या दुप्पट?’ याचं उत्तर त्याच वाक्यात द्यायला हवं होतं.

चुकीची माहिती हाती आली, की ‘हे खोटं आहे’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. तेवढं पुरत नाही. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीचा वृत्तान्त वाचायला दिला. तिथल्या कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते, असं आधी सांगितलं. नंतर ते कपाट रिकामं होतं, अशी दुरुस्ती केली. लोकांना दुरुस्ती नीट आठवत होती. तरी धूर इतका दाट का होता, असं विचारल्यावर ते त्या रंगाच्या डब्यांकडेच बोट दाखवत राहिले. आगीचं कारण काढून घेतलं होतं आणि त्या जागी दुसरं काही दिलं नव्हतं. ज्यांना दुरुस्तीसोबत आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्याचंही सांगितलं, त्यांच्या उत्तरांत रंगाचे डबे बरेच कमी आले.