जिलबीवरचा ‘इशारा’ आला कुठून?

जुलै २०२५च्या मध्यात पुण्याहून आत्याचा फोन आला, "तुमच्या पोहे-जिलबीचं आता काय रे होणार?" सामोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, ही बातमी तिने टीव्हीवर ऐकली होती. मी तेव्हा इंदूरच्या आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीपाशीच उभा होतो. वाफेवरचे पोहे, वर शेव, कांदा, जिरावन मसाल्याची चिमूट, शेजारी कागदात जिलबी. गर्दी तसूभरही कमी नव्हती.

मुळात प्रकार साधा होता. जानेवारीत डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी खाण्यातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांना सुचवलं की कँटीनमध्ये, बैठकीच्या खोल्यांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा. त्या फलकाचा बातम्यांत इशारा झाला आणि कँटीनची हातगाडी. १५ जुलैला केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने खुलासा केला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावायला कुणीच सांगितलेलं नाही. तोवर आत्याने तो मेसेज चार ग्रुपांवर टाकून झाला होता.

सल्ल्यातलं अर्धं गाळून मथळा करायची ही खोड जुनी आहे. १९३७ साली डालडा आला. आमच्या घरी त्याच्या ताडाचं चित्र असलेल्या पिवळ्या डब्यात पुढे तुळस लावली होती. साजूक तुपाच्या जागी बसलेल्या या वनस्पती तुपावर स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी झाली, संसदेतही वाद झाला. पुढे वारं फिरलं. जानेवारी १९६१मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ने मुखपृष्ठावर अन्सेल कीज छापले. लोण्या-तुपातली संपृक्त चरबी आणि हृदयरोग यांचा संबंध सांगणारे संशोधक ते. हळूहळू कोलेस्टेरॉल हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात शिरला, तूप गुन्हेगार ठरलं आणि तेलांच्या जाहिरातींत हृदयं दिसू लागली. जून २०१४मध्ये त्याच ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर लोण्याचा गोळा होता, लोणी खा म्हणून! आणि ज्या वनस्पती तुपाने साजूक तुपाची जागा घेतली, त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या हृदयाला घातक चरबीवर, भारतात दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती जानेवारी २०२२मध्ये. या सगळ्या काळात आजीचं वरणावरचं तूप चमचाभरच होतं. तो चमचा कोणत्याच मथळ्यात आला नाही. मथळ्यात ‘काय’ मावतं, ‘किती’ मावत नाही.

मे २०२४मधला चहा आठवतो? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणजे १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू झालेलं छोटंसं चौकशी केंद्र. तिने वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर सतरा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चहा-कॉफीबद्दल म्हटलं होतं, की जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर थांबा, कारण त्यांतल्या टॅनिन या घटकामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. शिवाय दिवसाकाठी कॅफीन तीनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवा. बातम्यांत उरलं ते एवढंच : चहा घातक. पोह्यांचा शेवटचा घास गिळता गिळता ‘कट’ चहा मागणाऱ्या इंदूरकरांच्या खरं तर तो ‘तासभर’च कामाचा होता. तोच गळला.

उलट्या बाजूनेही असंच होतं. २०१९मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आमच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ ठरवलं. हा शिक्का पाण्याचा, हातमोज्यांचा, कचऱ्याच्या डब्यांचा. पण इथे तो ऐकून कितीतरी जणांनी कचोरीच पौष्टिक ठरवून टाकली. माझ्या काकांनी तर मधुमेह असूनही गुलाबजामसाठी हेच प्रमाणपत्र पुढे केलं.

दिवाळीला आत्या आली. पहिल्याच सकाळी गाडीपाशी चष्मा पुसून तिने विचारलं, "तो इशारा कुठेय?" गाडीवर पाटी एकच होती, दरांची. आत्याने ती नीट वाचली आणि पन्नास ग्रॅम जिलबी मागितली.