वास वेगळा, झणका वेगळा

लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की नाकात सण्णकन झणका जातो, डोळ्यांना पाणी येतं आणि आपण म्हणतो, ‘काय उग्र वास आहे!’ त्यातला बराचसा भाग मुळी वास नसतोच.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताला, एका लहानशा पट्टीत असतात. हवेतून आलेला रेणू तिथल्या चिकट द्रवात विरघळतो आणि पेशीच्या केसासारख्या तंतूंवरच्या ग्राहीला, म्हणजे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतो. ग्राहीचा आकार किंचित बदलतो, निरोप पुढे नेणारं आतलं जी-प्रथिन जागं होतं, त्यातून सीएएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, मग कुठे आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, वाहिन्या उघडतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली; २००४ चं नोबेल त्यासाठीच. माणसात असे सुमारे ४०० प्रकार आहेत. इथे कुलूप-किल्लीचा दाखला हमखास देतात, मला तो अर्धाच पटतो. कारण रेणूची ही किल्ली ग्राहींच्या बऱ्याच कुलपांना कमी-अधिक लागते आणि एकेका कुलपाला कितीतरी किल्ल्या चालतात. म्हणून तर ४०० ग्राहींवर हजारो वास निभावतात.

झणक्याची नस वेगळी, ट्रायजेमिनल. चेहऱ्याला स्पर्श, चटका, वेदना कळते ती हिच्यामुळे. तिची टोकं नाकात, तोंडात, डोळ्यांतही आहेत. इथे मधले दलाल नाहीत: रेणू ज्या वाहिनीला भिडतो, तीच उघडते. मोहरीचा झणका टीआरपीए१ नावाची वाहिनी उघडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ उघडतं, जी एरवी साधारण ४३ अंशांच्या चटक्याला उघडते. मेंथॉल थंडीची वाहिनी उघडतं. सर्दीत बाम लावल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. मोजायला गेलं तर हवेची वाट होती तेवढीच असते.

वास येतो का, हे तपासताना डॉक्टर कॉफी हुंगायला देतात, अमोनिया टाळतात. वास पार गेलेला माणूसही अमोनियाने दचकतो, कारण अमोनिया झणक्याची नसच डिवचतो.

कॅप्सेसिनला स्वतःचा वास जवळपास नाहीच. मिरचीचा वास येतो तो दुसऱ्याच रेणूंचा. फोडणीत मिरची करपली की खकाणा उठतो, आणि नाक चोंदून आतल्या खोलीत पडलेला, ज्याला भाजीचा वासही येत नाही, तोसुद्धा खोकत उठून बसतो.