मांडवीकाठचे वाडे आणि लिस्बनला गेलेली दप्तरे

जुन्या गोव्यात सेंट काजेतान चर्चच्या आवारात काळ्या दगडाचे एक दार उभे आहे. आदिलशहाच्या इथल्या वाड्याचे एवढेच काय ते उरले. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि सुरुवातीचे पोर्तुगीज गव्हर्नर याच वाड्यात राहू लागले. १५५४ च्या सुमारास त्यांनी नदीकाठच्या किल्ल्यातल्या वाड्यात मुक्काम हलवला आणि जुना वाडा पुढे इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, ताब्यात गेला. साथींनी शहर ओस पडू लागले तसे व्हाइसरॉय १६९५ मध्ये जवळच्या पणेलीला गेले आणि १७५९ मध्ये पणजीला, तेही आदिलशहाच्याच दुसऱ्या वाड्यात. मागे राहिलेले वाडे एकोणिसाव्या शतकात पाडले गेले आणि त्यांचा दगड नव्या पणजीच्या बांधकामात गेला. पणजीचा वाडा मात्र टिकला, कारण तो कधी रिकामा राहिला नाही. मुक्तीनंतर तिथे सचिवालय होते आणि २००० सालापर्यंत विधानसभाही तिथेच भरे.

वाडे गेले तरी त्यांतली चित्रे आणि कागद उरले, आणि त्यांची वाटणी दोन देशांत झाली. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आपल्या आधीच्या गव्हर्नरांची चित्रे करवून घेतली. देखरेख बखरकार गास्पार कोरैया याची होती, पण कुंचला एका स्थानिक चित्रकाराचा होता. त्या गोंयकाराचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही, याची चुटपुट लागते. ही मालिका पुढे वाढत गेली. आज त्यातली बरीच चित्रे जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. काही दुरुस्तीसाठी लिस्बनला गेली, ती तिथेच राहिली.

कागदांची गोष्ट याहून मोठी आहे. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु द कौतु त्याचा पहिला रखवालदार झाला. राजाची पत्रे दरवर्षी मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून येत, म्हणून त्यांच्या बाडांना ‘मोन्सोंइश’ म्हणत. त्यांतली ६२ बाडे १७७७ मध्ये लिस्बनला नेण्यात आली. १६०५ ते १६५१ हा त्यांचा काळ म्हणजे आदिलशाही, शहाजीराजे आणि मोगल यांच्या घडामोडींचा काळ. गोव्यात उरलेल्या दप्तरांतून इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासाची केवढी सामग्री उजेडात आणली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या ६२ बाडांचे मोल वेगळे सांगायला नको.

मुक्तीनंतर तेरा वर्षे भारत आणि पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते. १९७४ च्या अखेरीस करार झाला, १९८० मध्ये सांस्कृतिक करार झाला आणि त्यानंतर वाट मोकळी झाली. फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाने पणजीत कार्यालय उघडले. लिस्बनचे गुल्बेंकियान प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी भारतातली इंटॅक ही संस्था यांच्या मदतीने राशोल सेमिनरीत १९९४ मध्ये ख्रिस्ती कला संग्रहालय उभे राहिले आणि ते पुढे जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेले. नव्या आणि परतणाऱ्या व्हाइसरॉयांना उतरवून घेणारा रेईश मागूशचा किल्ला बरीच वर्षे तुरुंग होता. तो ब्रिटनच्या हेलन हॅम्लिन ट्रस्टच्या पैशाने आणि इंटॅक व गोवा सरकारच्या सहभागाने दुरुस्त होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. २०१७ मध्ये त्या ६२ बाडांच्या डिजिटल प्रती लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्याने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला दिल्या. आता जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारी तरुण माणसे गोव्यात तयार व्हायला हवीत. नाहीतर प्रती येऊनही त्यांतला मजकूर बंदच राहील.

बाहेरची मदत साहजिकच बाहेरच्यांच्या आठवणी जिथे गुंतल्या आहेत तिथे वळते. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चे आणि मठ. सौंदेकरांकडे, म्हणजे सौंद्याच्या राजघराण्याकडे, कुणी पाहिले नाही. हैदरअलीने सौंदे घेतल्यावर तिथला राजा गोव्यात आश्रयाला आला आणि फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा त्याचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. आजचा अर्धाअधिक दक्षिण गोवा या घडामोडीतून गोव्यात आला. सौंदेकरांचा वाडा बांदोड्याला नागेशीजवळ, मूळ गाव कर्नाटकात शिरसीपाशी आणि त्या काळाचा राजकीय पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये. रेईश मागूशसाठी जसे तिघे एकत्र आले, तसे इथे पणजी, बंगळूर आणि लिस्बन यांनी एकत्र यायला हवे.