पहिल्या बिडीने सुटणारा कफ

‘सकाळी एक बिडी ओढली की कफ सुटतो, छाती मोकळी होते.’ असं सांगणारे एखादे काका किंवा आजोबा बहुतेकांच्या माहितीत असतात. ते खोटं बोलत नसतात. कफ खरंच सुटतो. पण मुळात तो का साचला, हा प्रश्न राहून जातो.

दिवसभरात आपण सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ आणि जिवाणूही येतात. श्वासनलिकेच्या आतल्या चिकट थरात ते अडकतात. या थराखाली केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात, एकेका पेशीवर सुमारे दोनशे. शास्त्रीय भाषेत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते एका लयीत हलतात आणि चिकट थर घशाकडे सरकवत राहतात. तिथे आलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. भाताच्या शेतावरून वारा जावा तशी ही लाट दिवसरात्र चालू असते.

सिगारेटच्या धुरातले अ‍ॅक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड हे पदार्थ या तंतूंना बधिर करतात. वर्षानुवर्षं धूर जात राहिला तर तंतू आखूड होतात, काही ठिकाणी तर तंतूवाल्या पेशींची जागा चपट्या, बिनतंतूच्या पेशी घेतात. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात. म्हणजे कचरा वाढला आणि झाडूवाला रजेवर गेला! मग उरतो खोकला. झोपेत तोही मंदावतो, म्हणून सकाळी सगळी थकबाकी एकदम निघते. तोवर त्या कफात जिवाणूंना मुक्काम करायला रात्रभर सवड मिळालेली असते.

जे जिवाणू त्याहून खाली, वायुकोशांपर्यंत म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतात, त्यांना गिळायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी बसलेल्या असतात. गंमत म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत त्यांची संख्या कमी नसते, उलट कित्येक पटींनी जास्त असते. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या तपकिरी दिसतात, धुरातल्या कणांनी पोट भरलेल्या. जिवाणू गिळून मारण्याचं काम त्या नीट करू शकत नाहीत.

याचा हिशेब आकड्यांत दिसतो. न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू अनेकांच्या नाकाघशात निमूट राहत असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, एरवी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या १८ ते ६४ वयोगटातल्या माणसांत, त्याचा रक्तापर्यंत पोचणारा गंभीर संसर्ग होण्याची शक्यता सिगारेट ओढणाऱ्यांत सुमारे चौपट आढळली. स्वतः न ओढता घरातल्यांचा धूर घेणाऱ्यांतही ती सुमारे अडीचपट होती.

आपल्याकडे मात्र चिंता क्षयाची. क्षयाचा जिवाणू ज्या पेशीशी झुंजतो आणि जिच्यात दडूनही बसतो, ती हीच मॅक्रोफेज. तमिळनाडूतल्या सुमारे ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात बिडीही आलीच. पानात वळली म्हणून तिचा धूर सौम्य होत नाही.

बिडी-सिगारेट सोडल्यावर तंतू हळूहळू पुन्हा कामाला लागतात. साचलेला कफ वर येऊ लागतो, त्यामुळे काहींचा खोकला पहिले काही आठवडे चक्क वाढतो. ‘सोडली तर त्रासच वाढला’ म्हणून अनेक जण नेमकी तेव्हाच पुन्हा काडी पेटवतात.