एस्प्रेसोला मिश्रणच लागते, हा गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कॉफीच्या शौकिनांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे, तो असा की एस्प्रेसोसाठी रोबस्टा (कॉफीची कडवट, स्वस्त जात) मिसळलेले, काळपट भाजलेले मिश्रणच हवे आणि एकाच मळ्यातली अरेबिका (कॉफीची सौम्य जात) यंत्रात घातली तर आंबट पाणीच हाती लागते. हे खरे नाही. एस्प्रेसो ही कॉफी काढण्याची पद्धत आहे. सुमारे ९ बार दाबाने, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी बारीक पुडीतून अर्ध्या मिनिटात उतरते, मग बी कुठलीही असो.

मिश्रणाची प्रथा पडली ती मुख्यतः वर्षभर एकसारखी चव आणि आटोक्यातला भाव राखण्यासाठी. रोबस्टाने फेस दाट येतो, हे मान्य. पण भाजताना बीमध्ये साठलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली सुटल्याने येणारा हा फेस चवीची हमी देत नाही.

आंबटपणाचा दोष बहुधा दळणाचा असतो. उंचावर पिकलेल्या, हलक्या भाजलेल्या घट्ट बीचा अर्क सावकाश उतरतो, त्यामुळे दळण जाडसर राहिले की पंधराएक सेकंदांतच धार फिकट, पिवळसर होते आणि अर्क पुरता न उतरल्याने कॉफी आंबट लागते. अशा वेळी दळण बारीक करावे आणि १८ ग्रॅम पुडीतून नेहमीच्या ३६ऐवजी ४५ ग्रॅमपर्यंत कॉफी काढावी. सुरुवातीला चिकमगळूरकडील बाबाबुडनगिरीची, मध्यम भाजलेली एस-७९५ (अरेबिकाचे एक भारतीय वाण) घ्यावी आणि भाजल्यानंतर आठवडाभर थांबूनच वापरावी. आपल्या बाजारात सर्रास मिळणारी चिकोरीमिश्रित फिल्टर पूड मात्र या यंत्रात घालू नये.