काउंटी जेलची नोंद: पैसे कशाला भरता?

‘अमेरिकेत कोण अटकेत आहे हे बघायला वकील नाहीतर पैसे घेणारी वेबसाइट लागते,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. चूक आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीचंच (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बघा: शेरीफच्या, म्हणजे काउंटीचे पोलीस आणि जेल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर नाव टाकलं की कैदी शोधता येतो, फुकट. मात्र तिथे नाव दिसलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं नाही. काउंटी जेलमध्ये खटल्याची वाट पाहणारेही असतात. निकाल हवा तर कोर्टाच्या क्लार्ककडे जायचं. (तिथे नकलांना शुल्क पडतं, ते वेगळं.) शिक्षा होऊन राज्याच्या तुरुंगात गेलेल्यांची नोंद राज्याच्या तुरुंग खात्याकडे. आणि कॅलिफोर्नियात एखाद्याचा राज्यभरचा पूर्ण गुन्हे-इतिहास कुणाही त्रयस्थाला मिळत नाही. तो स्वतः त्या व्यक्तीला किंवा कायद्याने अधिकृत संस्थांनाच.